पाया पडू न देणारे गाडगेबाबा

डिसेंबरचा तिसरा आठवडा उजाडला की आपल्या धर्मग्रामांत नाताळाची लगबग सुरू होते. गोठा उभारायचा, गव्हाणीत पेंढा अंथरायचा, चांदणी टांगायची, अशी कामे तरुण मंडळी हौसेने करीत असतात. ह्याच आठवड्यात, २० डिसेंबरला, वऱ्हाडात दुसरी एक आठवण जागविली जाते. त्या दिवशी गावोगावी माणसे खराटे घेऊन रस्त्यावर उतरतात, गटारे मोकळी करतात, देवळाचे आवार झाडतात. गाडगेबाबांची ती पुण्यतिथी असते. मूर्तिजापूर, अकोला, अमरावती ह्या परिसरात राहणाऱ्या ख्रिस्ती बांधवांना बाबांचे नाव ठाऊक नाही असे होणे नाही. शाळेच्या भिंतीवर, एस.टी.च्या स्थानकात, विद्यापीठाच्या कमानीवर ते नाव आपण रोज वाचतो. परंतु ह्या माणसाने आयुष्यभर जी वागणूक ठेविली तिचा अर्थ काय, तिच्यातून तो कोणत्या रीतींना नकार देत होता आणि कोणत्या नव्या घालून देत होता, ह्याचा विचार आपल्याकडे फारसा होत नाही. म्हणून आज त्यांचे चरित्र आम्ही त्याच अंगाने सांगणार आहोत.

बाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावी, परिटाच्या घरी झाला. परीट हा बलुतेदार. गावाने मळविलेले कपडे धुवायचे आणि सुगीच्या दिवसांत खळ्यावरून आपला वाटा आणायचा, ही त्याची परंपरेने ठरलेली जागा. उत्तर हिंदुस्थानातील कित्येक प्रांतांत हाच धंदा करणारा मनुष्य अस्पृश्य गणला जाई. वऱ्हाडात तो तसा नव्हता, मात्र पंगतीत त्याचे पान कोठे मांडायचे हे ठरलेले असे. एकाच कामाला दोन मुलखांत दोन निरनिराळे मान असावेत, ह्यावरून अशा मानापमानात देवाने ठरविलेले किती आणि माणसाने ठरविलेले किती, हे सहज ध्यानात येते.

वडील झिंगराजी दारूच्या आहारी गेले आणि १८८४ मध्ये वारले. डेबूजी तेव्हा आठ वर्षांचा होता. आई सखूबाई त्याला घेऊन माहेरी आली. हे माहेर म्हणजे मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे. मामाची शेती होती, गुरे होती. डेबू गुरे राखू लागला, नांगर धरू लागला, पूर्णेच्या पाण्यात पोहण्यात तरबेज झाला आणि रात्री भजनात रमू लागला. शाळा त्याच्या वाट्याला आली नाही. पुढे सावकाराच्या कर्जात मामाची जमीन फसवणुकीने गेली. त्या धक्क्याने मामा खचले आणि वारले. जमिनीचा ताबा घ्यायला आलेल्या माणसांपुढे तरुण डेबूजी शेतात ठाम उभा राहिला, अशी हकीकत सर्व चरित्रांत येते. सही-अंगठ्याच्या कागदापुढे निरक्षर माणूस किती असहाय असतो, हे त्याने ह्या प्रसंगात पाहिले. पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांच्या कीर्तनांत मुलांना शाळेत घालण्याचा जो आग्रह येतो त्याचे मूळ येथे आहे, असे आम्हांला वाटते.

१८९२ मध्ये डेबूजींचे लग्न कुंताबाईंशी झाले. संसार सुरू झाला, मुलगी झाली, आणि बारशाचा दिवस आला. मुलाच्या जन्मानंतर भाऊबंदांना मटणाचे जेवण घालायचे आणि दारू पाजायची, अशी जातीची रीत होती. ही रीत मोडणारा मनुष्य कंजूष ठरे. इतकेच नव्हे, तर देवाचा कोप ओढवून घेणारा ठरे, कारण बकरे हे केवळ पाहुण्यांसाठी नसे, दैवताचाही त्यावर हक्क मानला जाई. डेबूजींनी त्या दिवशी पानात गोडाचे जेवण वाढले. पाहुणे आले, बसले, पानाकडे पाहून एकमेकांकडे पाहू लागले. कुजबुज झाली, नाराजी झाली. ज्या घरातला कर्ता पुरुष दारूने गेला त्या घरात नव्या जिवाचे स्वागत दारूने करायचे नाही, एवढे साधे कारण ह्यामागे होते. पण रीत म्हणजे एक प्रकारची भाषाच. जेवणातून घरधनी भाऊबंदांना सांगत असतो की मी तुमच्यातलाच आहे. डेबूजींनी तेच सांगितले, फक्त शब्द बदलले, आणि ऐकणाऱ्यांना पहिल्यांदा ते अपमानासारखे वाटले.

हा प्रसंग वाचताना आपल्या धर्मग्रामांतील बाप्तिस्म्याचे आणि लग्नाचे सोहळे डोळ्यांपुढे आल्यावाचून राहत नाहीत. इटलीत किंवा फ्रान्समध्ये जेवणाबरोबर द्राक्षरस घेणे ही घरातली नित्याची बाब आहे. काना गावच्या लग्नातही द्राक्षरस होता. परंतु वऱ्हाडातल्या कष्टकऱ्याच्या घरी दारू म्हणजे काय, हे त्याच्या बायकोला विचारावे. एका मुलखातला प्याला दुसऱ्या मुलखात ठेवला की त्याचा अर्थ तोच राहत नाही. तिकडे असते म्हणून इकडे चालते, हा युक्तिवाद आम्हांला कधी पटलेला नाही.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी डेबूजींनी घर सोडले. मागे वृद्ध आई, कुंताबाई आणि मुले राहिली. आपल्या देशात घर सोडून जाणाऱ्या पुरुषाला विरक्त म्हणून मान देण्याची जुनी चाल आहे. दुसऱ्या एखाद्या समाजात त्याच कृतीला जबाबदारी टाकून जाणे असे म्हटले जाईल. आम्ही येथे निवाडा करीत नाही. मात्र बाबांची थोरवी सांगताना कुंताबाईंनी उपसलेले कष्ट अर्ध्या ओळीत उरकू नयेत, असे वाटते. पुढे बाबांनी लाखो रुपयांच्या धर्मशाळा उभारल्या, आणि त्यांतला एक पैसाही आपल्या कुटुंबाला मिळणार नाही अशी व्यवस्था करून ठेविली. त्यांची माणसे साध्या झोपडीत राहिली. ह्या निःस्पृहतेची किंमत बाबांबरोबर त्यांनीही मोजली.

घर सोडल्यावर बाबांनी जो वेष घेतला तो भगवा नव्हता. ही गोष्ट महत्त्वाची आहे. भगवे वस्त्र, जटा, कमंडलू, माळा ही साधूची ओळखपत्रे होत. ती दिसली की लोक आपोआप वाकतात, शिधा आणतात, अंगारा मागतात. बाबांनी ह्यांतले काहीच स्वीकारले नाही. फाटक्या कापडांचे तुकडे जोडून केलेली गोधडीसारखी वस्त्रे त्यांच्या अंगावर असत. एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच. एका पायात एक तऱ्हेचे पायताण, दुसऱ्यात दुसऱ्याच तऱ्हेचे. हातात खराटा. आणि डोक्यावर मातीच्या फुटक्या मडक्याचे खापर, तेच उन्हात टोपी, तेच भुकेच्या वेळी ताट, तेच पाण्याचे भांडे. त्या गाडग्यावरूनच पुढे नाव पडले.

डोक्यावरच्या ह्या गाडग्यावर थोडे थांबले पाहिजे. त्या काळच्या वऱ्हाडात पुरुषाचे डोके उघडे नसे. पागोटे कसे बांधले आहे, कापड कोणते, पीळ कसा, ह्यावरून जात, गाव, ऐपत ओळखता येई. कोणाच्या पायाशी पागोटे ठेवणे म्हणजे शरण जाणे. कोणाचे पागोटे उडविणे म्हणजे त्याची अब्रू घेणे. बोडके डोके हे सुतकाचे लक्षण. ह्याउलट युरोपात पुरुषाने आदर दाखविण्यासाठी टोपी काढायची, आणि गोऱ्या पाद्रींबरोबर ती चाल आपल्या देवळांतही आली. यहुदी मनुष्य प्रार्थनेला उभा राहताना डोके झाकतो, तर युरोपीय ख्रिस्ती पुरुष डोके उघडे करतो. दोघेही एकाच देवाचा मान राखीत असतात. आपल्या आयाबहिणी मिस्साला बसताना डोक्यावर पदर घेतात, आणि त्यांना ते कोणी शिकवावे लागत नाही. अशा मुलखात, जेथे पागोटे म्हणजे माणसाची सगळी पत, तेथे एका मनुष्याने डोक्यावर फुटके मडके घातले. ते पाहून पोरे हसली, कुत्री भुंकली, मोठ्यांनी वेडा ठरविले. परंतु ह्या शिरोभूषणावरून त्याची जात काही केल्या ओळखता येईना. बाबांच्या मनात नेमके हेच होते की नाही, हे कोणी सांगावे? घडले मात्र हेच.

वेष एकच असला तरी लोकांनी तो निरनिराळा वाचला. कोणी गोधडी पाहिली आणि गोधडे महाराज म्हटले. कोणी चिंध्या पाहिल्या आणि चिंधेबुवा म्हटले. कोठे ते लोटके महाराज झाले, कोठे चापरेबुवा. ज्या मुलखाच्या नजरेत जे भरले ते नाव. मूर्तिजापूरच्या बाजूला जुनी माणसे डेबूजीच म्हणत राहिली.

गरिबीचा वेष सर्वत्र सारखा वाचला जात नाही, हे आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासातही दिसते. संत फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये जपानला पोहोचले. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर कोळी बांधवांत त्यांचा झिजलेला झगा आणि अनवाणी पाय हेच त्यांचे प्रशस्तिपत्र ठरले होते. जपानात त्याच झग्याने दारे बंद केली. तेथील दरबारी रिवाजात फाटक्या वस्त्राने भेटीला येणे म्हणजे यजमानाचा अनादर. अखेर १५५१ मध्ये यामागुची येथील सरदाराकडे दुसऱ्यांदा जाताना ह्या संताने उंची वस्त्रे घातली, घड्याळासारख्या भेटी बरोबर घेतल्या, आणि तेव्हा कोठे उपदेशाची परवानगी मिळाली. उलट अठराव्या शतकात रोम शहराने बेनेडिक्ट जोसेफ लाब्र नावाचा फ्रेंच यात्रेकरू चिंध्यांत भटकताना पाहिला. १७८३ मध्ये तो वारला तेव्हा त्याच रोमने त्याला संत म्हणून हाक मारली, आणि १८८१ मध्ये ख्रिस्तसभेने त्याला संतपद बहाल केले. गाडगेबाबांच्या बाबतीत संत हा शब्द आपण मराठी भाषेच्या रूढीप्रमाणे वापरतो, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. वारकरी मुलखात संत लोकांच्या तोंडी होतो, त्यासाठी कोठे प्रकरण चालवावे लागत नाही.

बाबांचा दिनक्रम असा. गावात शिरायचे ते खराटा चालवीतच. कोणी सांगितले नसता रस्ता झाडायचा, नाली उपसायची, विहिरीभोवतालचा चिखल काढायचा, कोणाची लाकडे फोडून द्यायची. काम झाल्यावर भाकरी मागायची, मिळाली तर खापरात घेऊन खायची. कामाआधी कोणी वाढले तर घ्यायचे नाही. ही भिक्षा नव्हती, मजुरीही नव्हती. गावकऱ्यांना तिचे काय करावे हे कळत नसे. खराट्याची आपल्याकडची गंमत पाहा. घरातली केरसुणी म्हणजे लक्ष्मी. तिला पाय लागला तर आपण हात जोडतो, दिवाळीत तिची पूजा करतो, दिवेलागणीनंतर घर झाडीत नाही. आणि तीच केरसुणी दुसऱ्याच्या दारात चालविणाऱ्या माणसाला मात्र दाराबाहेर उभे करतो. वस्तू पवित्र आणि ती हाताळणारा हात अपवित्र, हे कोडे बाबांनी शब्दांत सोडविण्याची खटपट केली नाही. त्यांनी खराटा उचलला आणि तो शेवटपर्यंत खाली ठेवला नाही. पूर्णाकाठच्या ऋणमोचनाला पौषातल्या रविवारी जत्रा भरे. तेथे चिखलातून नदीत उतरणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना हात देण्यापासून सुरुवात झाली, आणि कालांतराने लोकवर्गणीतून पक्का घाट उभा राहिला.

जसजसे नाव वाढले तसतशी एक नवी अडचण उभी राहिली. लोक पाया पडू लागले.

बाबांना हे मुळीच खपत नसे. कोणी वाकताना दिसला की ते मागे सरत, रागावत, प्रसंगी हातातली काठीही चालवीत. कीर्तन संपता संपता, श्रोते गजरात दंग असतानाच, ते अंधारातून निघून जात, कारण थांबले तर पायांवर रांग लागणार हे त्यांना ठाऊक होते. हार घालून घेत नसत. आपल्याला गुरू नाही आणि आपला कोणी शिष्यही नाही, असे ते स्पष्ट सांगत. ज्या देशात मुलगा परीक्षेला जाताना, सून सासरी येताना, तरुण नोकरीवर रुजू होताना वडीलधाऱ्यांच्या पायांना हात लावतो, त्या देशात एका वृद्धाने आपले पाय असे लपवीत फिरावे, हे दृश्य विलक्षण होते.

पाया पडण्याची चाल वाईट होती काय? आम्हांला तसे वाटत नाही. आजीच्या पायांना हात लावणाऱ्या नातवाच्या आणि त्याच्या डोक्यावर येणाऱ्या सुरकुतलेल्या हाताच्या मध्ये जे असते ते मोलाचे आहे. पंढरीच्या वाटेवर वारकरी एकमेकांच्या पाया पडतात. थोर-लहान, कुणबी-ब्राह्मण असा भेद तेथे निदान त्या क्षणापुरता तरी नसतो, कारण वाकणाराच्या पुढे दुसराही वाकलेला असतो. अडचण होती ती एकाच दिशेने वाकण्याची. गावगाड्यात कोणी कोणापुढे वाकायचे हे जन्माने ठरलेले असे. महार मंडळींनी वरच्या जातीच्या माणसाला जोहार घालायचा, तोही अंतरावरून. रामराम म्हणण्याचा अधिकार त्यांना नसे. तोंडातून निघणाऱ्या एका शब्दावरून मनुष्याची पायरी कळे. म्हणूनच आपल्या विदर्भातील कामठीच्या बाबू हरदासांच्या पुढाकाराने १९३० च्या दशकात जय भीम हे अभिवादन रूढ होऊ लागले, तेव्हा तो केवळ शब्दांचा बदल नव्हता. त्या अभिवादनाला तेच अभिवादन परत मिळते. जोहाराला जोहार परत मिळत नसे.

पाय आणि वाकणे ह्यांविषयी आपल्या पवित्र शास्त्रातही बरेच काही आहे. कर्नेल्य नावाचा शताधिपती पेत्राच्या पायांवर पडला, तेव्हा पेत्राने त्याला उठवून उभे केले आणि आपणही माणूसच असल्याची आठवण दिली. लुस्त्र गावी लोक पौल आणि बर्णबा ह्यांच्यासाठी बैल आणि हार घेऊन आले, तेव्हा त्या दोघांनी आपली वस्त्रे फाडली. यहुदी रीतीत वस्त्र फाडणे हे दुःखाचे आणि संतापाचे चिन्ह होते. काठी घेऊन मागे सरणारे बाबा आणि वस्त्र फाडणारा पौल, ह्यांच्या खुणा निराळ्या, भाव एकच. आणि शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभूने काय केले हे तर आपण दर पवित्र गुरुवारी पाहतो. पॅलेस्टाईनच्या धुळीच्या वाटा तुडवून आलेल्या पाहुण्याला पाय धुण्यासाठी पाणी देणे ही तिकडची रीत, आणि आपल्या वऱ्हाडातही पाहुणा ओसरीवर टेकण्याआधी तांब्याभर पाणी पुढे येई. लंडनच्या किंवा बर्लिनच्या ख्रिस्ती माणसाला पाय धुण्याचा तो विधी समजावून सांगावा लागतो. आपल्याला तो शरीराने समजतो. पाणी देणे यजमानाचे काम होते, पाय धुणे दासाचे. प्रभूने दासाचे काम पत्करले, ह्याचे आश्चर्य जेथे अजून कोणी कोणाचे पाय शिवत नाही तेथे अधिक खोल जाते.

ख्रिस्तसभेतही ह्या खुणा स्थिर राहिल्या नाहीत. पोपमहोदयांच्या पायांचे चुंबन घेण्याची चाल रोममध्ये शतकानुशतके होती, ती विसाव्या शतकात मागे पडली. १९७५ मध्ये तर पोप सहावे पॉल ह्यांनीच ऑर्थोडॉक्स सभेचे महागुरू मेलिटन ह्यांच्यापुढे गुडघे टेकून त्यांचे पाय चुंबिले. २०१३ च्या पवित्र गुरुवारी दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी रोममधील बालगुन्हेगारांच्या तुरुंगात जाऊन मुलामुलींचे पाय धुतले, त्यांत मुसलमानही होते.

बाबांच्या आयुष्यातला सर्वांत बोलका नकार मात्र पंढरपूरचा आहे. ते वारीला जात, चंद्रभागेचे वाळवंट झाडीत, वारकऱ्यांची घाण उचलीत, रात्री कीर्तन करीत, आणि विठ्ठलाच्या देवळात दर्शनाला जात नसत. ज्या देवळात चोखामेळ्याच्या जातीला पायरीच्या पुढे येऊ देत नाहीत तेथे आपण आत जायचे कशाला, असा त्यांचा विचार असावा. साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ मध्ये ते देऊळ अस्पृश्यांना उघडले. त्याच्या कितीतरी आधी, १९२० च्या सुमारास, बाबांनी अस्पृश्य वारकऱ्यांसाठी चोखामेळ्याच्या नावाने पंढरपुरात धर्मशाळा उभी केली होती. पावसात भिजत वाळवंटात रात्र काढणाऱ्या माणसांना डोक्यावर छप्पर मिळाले. ही वास्तू त्यांनी १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. एक विलायतेत शिकलेला, सुटाबुटातला बॅरिस्टर, दुसरा अंगठाबहाद्दर, चिंध्यांतला. दोघांचे वेष पाहिले तर दोन टोके दिसतात. पण गावगाड्याने ठरवून दिलेला पोशाख दोघांनीही नाकारला होता. बाबासाहेबांनी वर जाऊन नाकारला, बाबांनी आणखी खाली उतरून.

ह्या ठिकाणी आपल्या उपासनेतला एक प्रश्न सहजच पुढे येतो. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेनंतर, १९६९ मध्ये, भारतीय महागुरुस्वामींच्या विनंतीवरून रोमने मिस्साविधीत बारा भारतीय रूपांतरांना संमती दिली. पादत्राणे बाहेर काढणे, जमिनीवर मांडी घालून बसणे, गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून लवून नमस्कार करणे, वेदीचे चुंबन घेण्याऐवजी तिला हात लावून तो कपाळाशी नेणे, शांतिचिन्ह म्हणून नमस्कार, समई, आरती, पंचांग प्रणाम. त्यापूर्वी साडेतीनशे वर्षे मदुराईत रोबेर्तो दे नोबिली ह्या येशूसंघीय धर्मगुरूंनी संन्याशाची वस्त्रे आणि आचार स्वीकारून हाच प्रश्न उभा केला होता, आणि १६२३ मध्ये पोप पंधरावे ग्रेगरी ह्यांनी त्यांना अनुकूल निर्णय दिला होता. तरीही १९६९ च्या रूपांतरांचे सर्वत्र स्वागत झाले नाही. ही खूण हिंदूंची आहे, असे काहींनी म्हटले. ज्यांच्या आजोबांना वाकणे भाग पडत होते अशा कुटुंबांना जमिनीवर लवण्यात जुन्या दिवसांची आठवण होत असेल, तर तीही समजण्यासारखी आहे. खूण कोणाची, हा प्रश्न आम्हांला तितकासा अवघड वाटत नाही. हात जोडणे वऱ्हाडी माणसाचे आहे, तो कोणत्याही धर्माचा असो. ती खूण कोणी कोणापुढे आणि कोणत्या दिशेने करायची, हा खरा अवघड प्रश्न, आणि तो दे नोबिलींना पडला त्याहून अधिक तीव्रतेने गाडगेबाबांना पडला. उच्चवर्णीयांना जवळ करण्यासाठी दे नोबिलींना त्यांचे सोवळेही पत्करावे लागले. बाबांनी सोवळे ही गोष्टच अंगाला लावून घेतली नाही.

बाबांच्या कीर्तनाविषयी लिहावे तितके थोडे. कीर्तनकाराने उभे राहून सांगायचे आणि श्रोत्यांनी माना डोलवायच्या ही रूढ पद्धत. बाबा प्रश्न विचारीत. ठेठ वऱ्हाडी बोलीत, साध्या माणसाला उत्तर देता येईल असा प्रश्न. श्रोते एका सुरात उत्तर देत, आणि त्या उत्तरावरून पुढचा प्रश्न येई. असे करीत करीत बकरे कापण्याची चाल, कर्ज काढून केलेले लग्न, दारू, शिवाशीव ह्यांपैकी कशाचा तरी फोलपणा श्रोत्यांच्याच तोंडून बाहेर पडे. घरातली भांडी विकावी लागली तरी चालेल, हातावर भाकरी घेऊन खावी, बायकोला स्वस्तातले लुगडे आणावे, पण मुलाला शाळेत पाठवावे, हे त्यांचे सांगणे वऱ्हाडातल्या कित्येक घरांनी मनावर घेतले. १९२३ मध्ये ते कोकणात खारेपाटणला कीर्तन करीत असताना एकुलता उरलेला मुलगा गोविंद गेल्याची बातमी आली. आपल्याकडे अशा वेळी हंबरडा फोडणे ही रीत, तो न फोडणारा पाषाणहृदयी ठरतो. बाबांनी कीर्तन चालू ठेवले. त्यांच्या आत काय झाले असेल ह्याची कल्पना करण्याचा मोह आम्ही टाळतो.

मूर्तिजापूर हे मुंबई-नागपूर लोहमार्गावरचे जंक्शन. येथून एकेकाळी एक अरुंद लोहमार्ग अचलपूरला आणि दुसरा यवतमाळला जाई, कापसाच्या गाठी आणि माणसे घेऊन. दापुऱ्यात वाढलेल्या बाबांचा ह्या गावाशी संबंध शेवटपर्यंत राहिला. येथे त्यांनी गोरक्षण सुरू केले, धर्मशाळा बांधली, विद्यार्थ्यांची सोय केली. आज गावातले महाविद्यालय त्यांच्या नावाने चालते. साताऱ्याकडे कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९५४ मध्ये कराडला काढलेल्या महाविद्यालयालाही त्यांचेच नाव दिले. स्वतः बाबांनी एकाही इमारतीवर आपले नाव घालू दिले नसते, अशी आमची समजूत आहे.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले. बाबा तेव्हा ऐंशी वर्षांचे आणि आजारी होते. बातमीने ते खचले. त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबरच्या मध्यरात्री, अमरावतीकडे जात असताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी मोटारीतच त्यांचे प्राण गेले. जेथे मरण येईल तेथेच अंत्यविधी उरकावा, आपले देऊळ बांधू नये, पुतळा उभारू नये, असे त्यांनी सांगून ठेवले होते. अमरावतीत त्यांची समाधी झाली. तो भाग आज गाडगेनगर म्हणून ओळखला जातो. पुण्यतिथीला तेथे माणसे चपला बाहेर काढून आत येतात आणि समाधीवर डोके टेकतात. मागे सरायला बाबा आता तेथे नाहीत.